छत्तीस मिनिटांच्या रात्रीची बेगमी

दिवाळी उलटून गेलेली, हलक्या धानाची कापणी आटोपलेली आणि भारी धान अजून बांध्यांतून उभे असलेले, अशा दिवसांतील एका निरभ्र संध्याकाळी, सूर्य मावळून जवळजवळ दीड तास झाला असता, भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या सान्निध्यात वसलेल्या लाखांदूर तालुक्यातील एका जुन्या तलावाच्या पाळीवर मी उभा होतो. नैर्ऋत्येकडून एक तेजस्वी तारा वर चढू लागला. तो लुकलुकत नव्हता, विमानासारखे लाल-हिरवे दिवे त्याला नव्हते, आणि त्याच्यामागून कसला ध्वनीही येत नव्हता. ईशान्येचा रोख धरून तो माथ्यावर आला मात्र, त्याचे तेज तांबूस झाले, मंदावले, आणि जवळपास ढगाचा पुंजकाही नसताना आठ-दहा सेकंदांत तो पूर्णपणे दिसेनासा झाला. तलावाच्या पाण्यावर धान पिकविण्यात ज्यांची सारी हयात गेली असे एक वृद्ध शेतकरी माझ्याशेजारी पाळीवर बसले होते. बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहून त्यांनी विचारले, “विझला काजी, गुरुजी?”

तारा विझला नव्हता. ते माणसांच्या वस्तीचे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक होते. जमिनीवरून आपल्याला दिसते ते त्याचे स्वतःचे तेज नसून त्याच्या विस्तीर्ण सौरपट्ट्यांवरून आणि धातूच्या अंगावरून परतलेले ऊन होय. दरीत काळोख दाटल्यावरही शिखराच्या माथ्यावर ऊन रेंगाळते, त्याच न्यायाने आपल्याकडे रात्र पडली तरी सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील त्या स्थानकावर दिवस शिल्लक होता; माथ्यावर येता येता तेही पृथ्वीच्या सावलीत शिरले आणि त्याचा सूर्य मावळला. त्याची रात्र आपल्या डोळ्यांदेखत सुरू झाली, आणि त्या क्षणापासून तेथील पंखे, पंप, संगणक, संदेशयंत्रे आणि माणसांचा श्वासोच्छ्वास चालविणारी सर्व साधने केवळ साठविलेल्या शक्तीवर चालू लागली.

ही रात्र किती लांबीची असते, याचा हिशेब शाळेतल्या भूमितीने मांडता येतो. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर. तीत ४०० मिळविले की स्थानकाच्या कक्षेची त्रिज्या ६,७७१ होते. पृथ्वीची सावली पृथ्वीइतक्याच रुंदीच्या नळकांड्यासारखी मागे पसरली आहे असे मानले, तर त्या वर्तुळाकार वाटेचा सुमारे १४० अंशांचा भाग सावलीत सापडतो, म्हणजे ३६० अंशांतील शेकडा ३९. एका प्रदक्षिणेस साडेब्याण्णव मिनिटे लागतात. त्यांतली ३६ मिनिटे रात्र आणि ५६ मिनिटे दिवस. कक्षेचे प्रतल सूर्याच्या दिशेने कलले म्हणजे काही आठवडे ही रात्र आखूड होते, क्वचित नाहीशीही होते. परंतु व्यवस्था लावणाऱ्याने तजवीज करावयाची ती दीर्घतम रात्रीची. दिवसाकाठी अशा पंधरा-सोळा रात्री, वर्षाकाठी सुमारे ५,७००, आणि दहा वर्षांत ५७,००० येतात. जो साठा करावयाचा तो इतक्या वेळा भरावा लागतो, इतक्या वेळा रिता करावा लागतो, आणि तरीही त्याला झीज लागू नये अशी अपेक्षा असते.

पाळीवर उभे राहून हा हिशेब सांगताना मला उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागले नाही, कारण आम्ही उभे होतो तीच वास्तू अशा बेगमीची होती. पूर्व विदर्भात पाऊस मुबलक पडतो, पण तो धानाच्या सोयीने पडत नाही. रोवणीच्या वेळी दडी मारतो, लोंबी भरण्याच्या वेळी पाठ फिरवितो. म्हणून गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील जाणत्यांनी उताराचा अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या, सांडवे काढले, पाणी सोडण्याच्या मोऱ्या बसविल्या, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखात तलावांची अशी माळ उभी केली की भंडारा जिल्ह्याची ओळखच तलावांचा जिल्हा अशी झाली. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय आजही कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगितला जातो. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाल्यावर ते सरकारजमा झाले, आणि सरकारी दप्तरातील ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे उचलून लोकांनी त्यांना ‘मामा तलाव’ हे नात्याचे नाव देऊन टाकले. तलाव पाऊस निर्माण करीत नाही. तो आजचा पाऊस परवाच्या दिवसापर्यंत नेतो. अवकाशयानाला लागते ते नेमके हेच. ऊन तेथे वाटेल तितके आहे: प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३६० वॅट, मध्ये ढग नाही, धूळ नाही, पावसाळा नाही. वाण आहे ती त्या ३६ मिनिटांच्या तरतुदीची.

आजवर ही तरतूद विद्युत्‌घटांनी केली आहे. सौरपट्टी उन्हातून वीज काढते, तिच्यातील काही ताबडतोब खर्ची पडते, उरलेली घटमालेत जमा होते आणि सावलीत परत मिळते. आपल्या देशाचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून गेला तो असाच. ३६० किलोग्रॅम वजनाच्या त्या बहुफलकी यंत्राच्या अंगावर सौरघट होते आणि पोटात निकेल-कॅडमियमची घटमाला होती. त्याच्या विद्युत्‌पुरवठ्यातच बिघाड उद्भवून चार-पाच दिवसांत त्यावरील प्रयोग थांबले. पहिल्याच उपग्रहाने आम्हांला शिकविलेला हा धडा होता, आणि माझ्या मते तो महागात पडला असे म्हणू नये, कारण पुढील साऱ्या उपग्रहांच्या विद्युत्‌व्यवस्थेकडे आमच्या अभियंत्यांनी ज्या दक्षतेने पाहिले तिचे मूळ तेथे आहे. २०१६ च्या जूनमध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा जेमतेम एक किलोचा ‘स्वयम्’ आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’ हे उपग्रह कक्षेत गेले, तेव्हा त्या विशीतल्या मुलामुलींनाही दर प्रदक्षिणेची रात्र किती, घटांत जमा किती, खर्च किती, हा ताळेबंद आधी मांडावाच लागला असणार. त्यावाचून उपग्रहाचे पान हलत नाही. मंगळाभोवती जवळजवळ आठ वर्षे फिरलेल्या आपल्या ‘मंगळयाना’शी २०२२ च्या एप्रिलात संपर्क तुटला, तोही एका प्रदीर्घ ग्रहणानंतर.

घटमालेचा दोष असा की तिला पूर्ण रिकामी करता येत नाही. ज्या घरात रोज कोठार तळापर्यंत खरवडले जाते ते घर फार दिवस टिकत नाही. तसेच घटांचेही आहे. अवकाश स्थानकावरील निकेल-हायड्रोजनच्या घटमाला दर रात्री त्यांच्या क्षमतेच्या सुमारे एक-तृतीयांशच उतरतील अशी योजना होती. दोन-तृतीयांश साठा केवळ आयुष्य वाढावे म्हणून अंगावर वागवावयाचा. इतकेही करून त्यांचे आयुर्मान साडेसहा वर्षांचे धरलेले होते. २०१७ ते २०२१ या काळात अंतराळवीरांनी बाहेर पडून त्या ४८ जुन्या घटमाला काढल्या आणि त्यांच्या जागी लिथियम-आयनच्या २४ बसविल्या. जुन्यांचा सुमारे २.६ टनांचा एक गठ्ठा मार्च २०२१ मध्ये स्थानकावरून सोडून देण्यात आला. तो तीन वर्षे हळूहळू खाली येत ८ मार्च २०२४ रोजी वातावरणात जळाला. परंतु त्यातला सुमारे ७०० ग्रॅमचा धातूचा तुकडा न जळता अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका घराच्या छपरातून आत शिरला. आमच्या भागातील वाचकांना यात नवल वाटू नये. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून जळत येणारी रेघ साऱ्या विदर्भाने पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचे भले मोठे कडे येऊन पडले. तो अग्निबाणाचा अवशेष होता. वर जे नेले जाते त्याचे वजन हा केवळ खर्चाचा प्रश्न नव्हे, हे त्या गावाने प्रत्यक्ष पाहिले आहे.

आता दुसरी वाट, जिच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला. उन्हाची वीज करून मग ती साठविण्याऐवजी ऊन उष्णतेच्याच रूपात साठवावे आणि लागेल तशी वीज करावी, असा विचार अभियंत्यांनी १९६० नंतरच्या दशकांत बारकाईने केला. अंतर्वक्र आरशांनी ऊन एका लहान तोंडाच्या पोकळीत एकवटावयाचे. त्या पोकळीच्या भिंतींलगत नळ्या, नळ्यांतून हेलियम आणि झेनॉन या वायूंचे मिश्रण. ते तापून टर्बाइन फिरविते, टर्बाइन त्याच दांड्यावरचे जनित्र आणि संपीडक फिरविते, आणि उरलेली उष्णता मोठ्या पत्र्यांवाटे अवकाशात सोडून थंड झालेला वायू पुन्हा नळ्यांत परततो. या पद्धतीस सौर-गतिज पद्धती म्हणावे. तिचे मर्म मात्र टर्बाइनात नाही. ते नळ्यांभोवती गुंफलेल्या लहान लहान सीलबंद डब्यांत आहे. त्या डब्यांत मीठ असते. आपल्या जेवणातले नव्हे. लिथियम फ्लोराइड आणि कॅल्शियम फ्लोराइड यांचे ठराविक प्रमाणातील मिश्रण, जे ७६७ अंश सेल्सियसला वितळते.

मीठ का, आणि वितळणारे का, हे समजण्यास थंडीच्या दिवसांतील खोबरेल तेलाची बाटली पुरेशी आहे. पौष महिन्यात सकाळी तेल थिजलेले असते. आई ती बाटली उन्हात ठेवते. बाटली लवकरच कोमट लागते, पण तेल मात्र बराच वेळ अर्धे थिजलेले, अर्धे पातळ असे राहते, आणि तेवढा वेळ ते अधिक गरम होत नाही. ऊन तर त्यात शिरतच असते. मग ते जाते कोठे? ते तेलाच्या कणांची परस्परांवरील पकड सोडविण्यात खर्ची पडते, आणि तेल पुन्हा थिजताना तेवढेच्या तेवढे परत मिळते. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकाने १७६० च्या सुमारास बर्फावर प्रयोग करून ही गोष्ट प्रथम नीट मांडली. तापमापकाला न दिसणारी ही उष्णता म्हणून तिला सुप्त उष्णता हे नाव पडले. एक किलो बर्फ नुसते वितळविण्यास लागणारी ३३४ किलोजूल उष्णता तेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापविण्यास पुरते, इतकी ही सुप्त ठेव मोठी असते. वर सांगितलेल्या मिश्रणाची सुप्त उष्णता किलोमागे सुमारे ७९० किलोजूल, म्हणजे बर्फाच्या दुपटीहून अधिक आहे.

यात दोन लाभ आहेत आणि दुसरा मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. पहिला वजनाचा. स्थानकाला २५ किलोवॅट वीज ३६ मिनिटे पुरवावयाची तर १५ युनिटे लागतात. यंत्र उष्णतेचा चतुर्थांश भाग विजेत रूपांतरित करते असे धरले तर साठा ६० युनिटांच्या तोडीचा, म्हणजे २१६ मेगाजूल हवा. त्यासाठी मीठ लागते सुमारे पावणेतीनशे किलो, मोठ्या पिंपात सहज मावेल इतके. निकेल-हायड्रोजनच्या घटांनी तेच काम करावयाचे तर, एक-तृतीयांश उतरण्याचा नियम पाळून, क्षमता ४५ युनिटांची हवी आणि वजन मिठाच्या कितीतरी पट होते. डबे, नळ्या आणि आरसे यांचे वजन मिठाच्या बाजूस धरले पाहिजे, हे खरे. तरीही मीठ पूर्ण वितळविता येते आणि पूर्ण थिजविता येते, त्याला तळ राखून ठेवावा लागत नाही. दुसरा लाभ स्थैर्याचा. दगड किंवा लोखंड तापवूनही उष्णता साठविता येते, परंतु ती देताना त्याचे तापमान उतरत जाते आणि टर्बाइनाचा वेग डळमळतो. वितळलेले मीठ थिजताना मात्र ७६७ अंशांवरच ठाम राहते; शेवटचा कण थिजेपर्यंत ते त्या पातळीवरून ढळत नाही. तलावातले पाणी उपसत जावे तशी पातळी खाली जाते. जो साठा सरत आला तरी त्याची पातळी उतरत नाही असा तलाव कोहळ्यांनाही साधला नव्हता, आणि निसर्गाने तो एका मिठात ठेवला आहे, याचे मला आजही मनापासून नवल वाटते.

आणखी एक लाभ जागेचा होता. त्या काळच्या सौरघटांची कार्यक्षमता शेकडा १४ च्या आसपास असे. माझ्या ढोबळ हिशेबाने आरशांच्या पद्धतीस निम्मे क्षेत्र पुरत होते. चारशे किलोमीटरवर हवा विरळ असली तरी अगदी नसते असे नाही, आणि मोठ्या पंखांना ती अडविते, यान हळूहळू खाली ओढते. १९७९ च्या जुलैत ‘स्कायलॅब’ हे अवकाश स्थानक कोसळणार म्हणून आपल्याकडे गावोगाव जी धास्ती पसरली होती, तिच्या मुळाशी हाच विरळ हवेचा अडसर होता. म्हणून १९८४ मध्ये अमेरिकेने, पुढे ‘फ्रीडम’ नाव मिळालेल्या अवकाश स्थानकाची घोषणा केल्यावर त्याच्या पुढील वाढीसाठी सौर-गतिज संच विचारात घेतले गेले आणि मिठाच्या डब्यांवर गंभीर संशोधन चालू झाले.

येथे या विषयातील सर्वांत हृद्य अडचण समोर आली. तूप डब्यात ओतून ठेवले म्हणजे थिजल्यावर मध्यभागी खळगा पडतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. कारण थिजताना ते आकसते. लिथियम फ्लोराइड तर वितळल्यापासून थिजेपर्यंत आकारमानाने पाचव्या हिश्श्याहूनही अधिक आकसते. डबा तितकाच, मीठ कमी. म्हणजे आत पोकळी राहणार. जमिनीवर ही पोकळी कोठे असेल ते सांगता येते: जड ते खाली बसते, रिकामे ते वर राहते. कक्षेत मात्र वर आणि खाली हे शब्दच निरर्थक होतात. तेथे पोकळी द्रवाच्या पृष्ठताणाने आणि थिजण्याच्या क्रमाने ठरेल तेथे जमते. आणि ती जर ऊन पडणाऱ्या बाजूच्या भिंतीलगत जमली, तर सूर्योदय होताच त्या भिंतीमागे उष्णता शोषून घेणारे मीठच उरत नाही. धातूचा तेवढाच पट्टा भडकतो, इतर भाग थंड राहतो, आणि असे ताण हजारो वेळा बसून डबा तडकतो. शिवाय हे मीठ उष्णतेचे फार चांगले वाहक नसल्याने आतला गाभा वितळावयाचा राहतो. तुपाच्या डब्यातील त्या निरुपद्रवी खळग्यावर एका अवकाश स्थानकाची रात्र अवलंबून असावी, हा योग विलक्षण खरा. पण अभियांत्रिकीचा इतिहास अशाच गोष्टींनी भरलेला आहे.

गणिताने याचे उत्तर सुचत होते, परंतु जमिनीवरील कोणत्याही प्रयोगशाळेत ते पडताळता येत नव्हते, कारण गुरुत्वाकर्षण बंद ठेवण्याची सोय कोठेच नाही. उंच मनोऱ्यातून वस्तू सोडली तर काही सेकंदच ती मुक्त अवस्था लाभते, आणि मीठ वितळण्यास तर तासाचा काही भाग लागतो. तेव्हा डबेच वर पाठवावे लागले. मार्च १९९४ मध्ये ‘कोलंबिया’ या शटलमधून लिथियम फ्लोराइडचा पहिला प्रयोग गेला. जानेवारी १९९६ मध्ये ‘एंडेव्हर’मधून मिश्र मिठाचा दुसरा. विजेच्या शेगडीने डबे तापवावयाचे, वितळू द्यावयाचे, थिजू द्यावयाचे, पुन्हा तापवावयाचे, अशा फेऱ्या चालल्या. तापमानाची नोंद झाली. डबे पृथ्वीवर परतल्यावर क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांच्या आतील पोकळीचे चित्र घेण्यात आले, न उघडता, थिजलेल्या स्थितीत, जशी ती कक्षेत तयार झाली होती तशी. कोणा संशोधकाच्या संगणकातील आकृतीशी ते चित्र ताडून पाहिले जात असतानाचा तो क्षण मी कल्पनेने अनेकदा उभा केला आहे. दरम्यान क्लीव्हलँड येथील संशोधनकेंद्रात आरसा, पोकळी, मीठ, टर्बाइन आणि उष्णता सोडणारे पत्रे असा दोन किलोवॅटचा संपूर्ण संच एका निर्वात कोठडीत उभा केला गेला, तेथे कृत्रिम सूर्य लावून प्रदक्षिणेचे दिवस-रात्र घडविले गेले, आणि संच सावलीतही फिरत राहिला.

मग हे मीठ आज स्थानकावर का नाही? काही उत्तर भौतिकशास्त्रात आहे. ७६७ अंशांवर तापलेली पोकळी आपल्या तोंडातून दर चौरस मीटरमागे सुमारे ६६ किलोवॅट उष्णता बाहेर फेकते, म्हणजे भर उन्हाच्या जवळजवळ पन्नासपट. म्हणून तोंड अगदी लहान ठेवावे लागते. तोंड लहान म्हणजे आरशाचा नेम अचूक हवा. आणि नेम जरासा चुकला तर तो तेजाचा झोत आत न जाता कडेवर पडून ती जाळतो. साधी सौरपट्टी याबाबतीत फार सोशिक असते: पाच अंशांनी तिरपी झाली तरी तिचे उत्पन्न शेकडा अर्ध्यानेही घटत नाही. उरलेले उत्तर जमाखर्चात आहे. ‘फ्रीडम’ची योजना वारंवार कातरली गेली, रशियाच्या ‘मीर’ स्थानकावर सौर-गतिज संच प्रत्यक्ष बसविण्याचा संयुक्त बेत १९९० च्या दशकातच रद्द झाला, आणि इतक्यात सौरघटांनी शेकडा ३० च्या घरात मजल मारली, लिथियमचे घट हलके व टिकाऊ निघाले. ज्या दोन गोष्टींवर मिठाचा पक्ष उभा होता, क्षेत्रफळ आणि वजन, त्या दोन्ही पायांखालून सरकल्या. हा निर्णय त्या परिस्थितीत चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु तो पक्ष पराभूत झाला म्हणून असत्य ठरला असेही नव्हे; मोठ्या शक्तीची यंत्रे, दीर्घ काळ, मनुष्याच्या दुरुस्तीवाचून चालवावयाची वेळ येईल तेव्हा हा कागद दप्तरातून पुन्हा काढावा लागेल असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वितळण्याच्या या गुणाचा अवकाशात उपयोग झाला आहे, केवळ त्याची दिशा उलटी. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर चालविलेल्या बग्गीत विद्युत्‌उपकरणांची उष्णता मेणात मुरत असे. मेण वितळे, उपकरणे तापत नसत, आणि मुक्कामाला आल्यावर झाकणे उघडून ती उष्णता आकाशात सोडून दिली जाई. चंद्रावर तर प्रश्न ३६ मिनिटांचा राहतच नाही. तेथील रात्र आपल्या सुमारे चौदा दिवसांची. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले ‘विक्रम’ हे यान चंद्रावर उतरले, त्याने एक चांद्रदिवस उत्तम काम केले, सप्टेंबराच्या आरंभी ते निजविले गेले, आणि त्या रात्रीनंतर ते जागे झाले नाही. घटमालेवर चौदा दिवस काढावयाचे तर वजनाचा आकडा लिहवत नाही. त्याच ‘विक्रम’च्या तापमापी शलाकेने मात्र एक उपयुक्त गोष्ट सांगितली: वर माती उन्हाने तापलेली असताना अवघ्या आठ सेंटिमीटर खोलीवर ती शून्याखाली सुमारे दहा अंश होती. चंद्राची भुकटीसारखी माती उष्णतेला जवळजवळ आत येऊच देत नाही, तसेच आत असलेली जाऊही देत नाही. राखेखाली झाकलेले निखारे पहाटेपर्यंत टिकतात ते याच कारणाने. ती माती वितळवून किंवा दाबून घट्ट शिळा केली, दिवसा आरशांनी तापविली आणि रात्री तिच्या उबेला यंत्रे आणून उभी केली, तर चंद्राची रात्र त्यांना पार करता येईल, अशी योजना अमेरिकेत अभ्यासली गेली आहे. तेथे मीठ न्यावयास नको. साठा जागेवर आहे, त्याला केवळ पाळ घालावयाची आहे.

आरशाने ऊन एकवटण्याची विद्या आपल्या महाराष्ट्रात परकी नाही, याचाही उल्लेख केला पाहिजे. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक शिरीष केदारे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ‘अरुण’ नावाची १६० चौरस मीटरची सौर तबकडी लातूरच्या महानंद दुग्धशाळेत दूध तापविण्यासाठी बसविली गेली, आणि शिर्डीला संस्थानाच्या प्रसादालयात कितीतरी आरशांच्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक होतो. राजस्थानात आबू रोडला तर तापविलेल्या ओतीव लोखंडात उष्णता साठवून सूर्यास्तानंतरही वीज काढली जाते. कक्षेतल्या मिठाशी यांचे गोत्र एकच.

हे सारे त्या संध्याकाळी मी पाळीवर बसून सांगितले असे नाही. सांगितले ते एवढेच की तो तारा विझलेला नाही, आपल्या पृथ्वीच्या सावलीत शिरला आहे, आणि दिवसभरात साठविलेल्या शिदोरीवर त्याचा संसार चालू आहे. म्हाताऱ्यांनी तलावाच्या पाण्याकडे पाहिले. पाणी यंदा मोरीच्या बऱ्याच वर होते आणि भारी धानाची चिंता उरली नव्हती. “मंग उजेडात कुठं येते तो?” त्यांनी विचारले. मी मनात हिशेब केला. ईशान्येकडे गेलेले ते यान हिमालय ओलांडून चीनवरून, मग उत्तर पॅसिफिकवरून वळसा घेत खाली उतरत असेल, आणि पृथ्वी मधल्या काळात त्याच्याखाली नऊ अंश फिरलेली असेल. हवाई बेटांच्या आग्नेयेस, जेथे सर्व दिशांना पाण्याशिवाय काही नाही अशा ठिकाणी, त्याच्या सौरपट्ट्यांच्या कडा प्रथम तांबूस, मग पांढऱ्या होतील. घड्याळात पाहिले, त्याला अजून एकवीस मिनिटे होती.